एका मिनिटाचे श्वास

दूध पिऊन शांत झोपलेलं आठ-दहा दिवसांचं बाळ घ्या. अंगावरचं दुपटं बाजूला करा आणि त्याच्या पोटाकडे पाहत राहा. मिनिटभरात ते पोट 40 ते 60 वेळा वर-खाली होतं, म्हणजे मोठ्या माणसाच्या जवळजवळ तिप्पट. मधेच ते थांबतं. पाच सेकंद, कधी आठ-नऊ सेकंद काहीच हालचाल नसते. पहिलटकरणीच्या पोटात गोळा येईपर्यंत श्वास पुन्हा भराभर सुरू झालेला असतो. यात आजार काही नाही. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पुरतं रुळलेलं नसतं, म्हणून तान्हं बाळ असं थांबत थांबत श्वास घेतं. पण या थांब्यांमुळेच एक कडक नियम पडला: तान्ह्या बाळाचे श्वास मोजायचे ते पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, तर तेवढ्यात थांबा सापडला की आकडा खाली येतो आणि सुटला की वर जातो. 60 किंवा अधिक भरले, तर थोडं थांबून पुन्हा एकदा मोजायचे, आणि तेही पूर्ण मिनिटच.

बालकांच्या प्राथमिक शुश्रूषेची तत्त्वं पाठ्यपुस्तकांत भारदस्त शब्दांत दिलेली असतात. गावच्या उपकेंद्रात त्यांचं रूप असं साधं असतं. रुग्णाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने बोलणारी आई घाबरलेली असते आणि डॉक्टर दूर असतात. नर्सबाईकडे एक घड्याळ, एक पट्टी, वजनकाटा, लसींची पेटी आणि थोडी औषधं असतात. एवढ्याशा साधनांवर घेतलेला निर्णय भरवशाचा ठरावा, यासाठी गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगाच्या कानाकोपऱ्यांत जे काम झालं आहे, ते थक्क करणारं आहे. आणि हे काम मोठ्या रुग्णालयांपेक्षा बहुतेक आडगावांतच झालं.

न्यूमोनियाचंच पाहा. तो ओळखायचा तर एक्स-रे हवा, निदान स्टेथोस्कोपने छाती ऐकणारा तरबेज कान हवा, अशी समजूत होती. पापुआ न्यू गिनी या डोंगराळ देशात गोरोका इथे काम करणारे बालरोगतज्ज्ञ फ्रँक शॅन यांनी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं, की खोकला असलेल्या मुलांतून न्यूमोनियाची मुलं निवडायला दोन गोष्टी पुष्कळ उपयोगी पडतात. श्वास किती वेगाने चालतो आणि श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने यावरून वयाप्रमाणे मर्यादा ठरवल्या. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला मिनिटाला 60, दोन महिने ते एक वर्ष 50, एक ते पाच वर्षं 40. या आकड्याला पोचलं किंवा ओलांडलं की श्वास ‘जलद’.

छाती आत ओढली जाण्यामागे बाळाच्या शरीराची रचना आहे. त्याच्या बरगड्या मऊ असतात आणि मोठ्यांसारख्या तिरक्या नसतात, जवळजवळ आडव्या असतात. म्हणून ते छातीपेक्षा पोटानेच अधिक श्वास घेतं. फुप्फुस कडक झालं, की पोट आणि छाती यांच्यामधला पडदा जोर लावून खाली खेचतो आणि बरगड्यांचा मऊ पिंजरा त्या ओढीने आत जातो. निरोगी बाळाच्या श्वासाबरोबर छाती आणि पोट दोन्ही वर येतात. आजारी बाळाचं पोट वर येतं आणि बरगड्यांखाली खोबण पडते. एकदा नीट पाहिलेली बाई ते पुन्हा विसरत नाही.

आता अडचण अशी, की मोजणाऱ्या बाईला पन्नासपर्यंत अंकच येत नसतील तर काय करायचं? हा प्रश्न गडचिरोलीत उभा राहिला. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये तिथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली, तेव्हा गावोगावच्या सुईणी बाळंतपणात निष्णात होत्या, पण त्यांच्यातल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्यासाठी एक श्वासमापक तयार झाला. त्यात एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी होते. वयाप्रमाणे मण्यांच्या दोन वेगळ्या रांगा होत्या. घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात, तर न्यूमोनिया. दहापर्यंतची मोजणी प्रत्येकीला बोटांवर येतेच. गणितातली अडचण गणित न शिकवता सोडवलेली अशी उदाहरणं फार थोडी सापडतील.

गावातल्याच माणसांनी ओळखलेल्या न्यूमोनियावर गावातच को-ट्रायमोक्सॅझोल हे साधं प्रतिजैविक देण्यात आलं. ‘लॅन्सेट’मध्ये 1990 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू तुलनेच्या गावांत 17.5, तर या गावांत 8.1 होते. पुढचा टप्पा नवजात बाळांचा होता. तिथल्या 39 गावांत थोडंफार शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना घरी जाऊन बाळाची देखभाल करायला शिकवलं. वजन करणं, ऊब राखणं, स्तनपानाला मदत, गुदमरलेल्या बाळाला श्वास देणं, जंतुसंसर्ग ओळखून जेंटामायसिनचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्यांनी केलं. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूंचं प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने 62 टक्क्यांनी कमी झालं होतं. ही माहिती 1999 मध्ये प्रसिद्ध झाली. देशभर आशाताई आज बाळंतिणीच्या घरी 3ऱ्या, 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी जातात (घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही). 2011 पासूनच्या त्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या मुळाशी गडचिरोलीचं हे काम आहे.

नर्सच्या प्रशिक्षणात तपासणीचा क्रमही शिकवला जातो, आणि तो मोठ्यांच्या तपासणीपेक्षा अगदी वेगळा असतो. मोठ्या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत तपासतात. मुलाला आधी तपासायचं ते हात न लावता. आईच्या मांडीवर आहे तसं राहू द्यायचं आणि आईशी बोलता बोलता डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहायचं: आवाजाकडे वळतं का, खेळणं धरतं का, मलूल पडलंय का. श्वास मोजायचे ते याच वेळी, कारण रडू फुटलं की तो आकडा निरुपयोगी. घसा आणि कान सर्वांत शेवटी, कारण त्यानंतर मूल काही करू देत नाही. साधारण आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला अनोळखी माणसाची भीती वाटू लागते. तेव्हा थेट त्याच्या डोळ्यांत न पाहता जवळ सरकणं हे तर खास कसब आहे. अनुभवी सिस्टर मुलाच्या हातातल्या बाहुलीला आधी तपासते, मग मुलाला. बघणाऱ्याला वाटतं, लाड चाललेत.

थर्मामीटर नसतानाही नवजात बाळाची ऊब तपासता येते. आपल्या हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला लावायची, मग तळपायाला. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट गरम पण पाय गार असतील, तर बाळ थंडीशी झगडतंय, शरीर कडेची उष्णता आत ओढून घेतंय. दोन्ही गार असतील, तर प्रसंग बाका आहे. नवजात बाळाला मोठ्यांसारखी हुडहुडी भरत नाही. ऊब निर्माण करायला त्याच्यापाशी मान, खांदे आणि पाठ या भागांतली खास तपकिरी चरबी असते. कमी दिवसांच्या बाळात ती फार थोडी असते. कोलंबियात बोगोता इथे एडगर रे यांनी 1970च्या दशकाच्या अखेरीस काचेच्या पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून अशी बाळं आयांच्या उघड्या छातीवर बांधायला सुरुवात केली. तीच आजची ‘कांगारू मदर केअर’. आईची त्वचा इतकी चांगली काम करेल, असं तेव्हा फार थोड्यांना वाटलं असेल.

वाढीच्या नोंदीची गोष्ट नायजेरियातली आहे. इंग्रज बालरोगतज्ज्ञ डेव्हिड मॉर्ले 1956 मध्ये तिथल्या इलेशा गावी गेले. जवळच्या इमेसी या खेड्यात त्यांनी पाच वर्षांखालच्या मुलांसाठी दवाखाना उभारला. त्यात मूल तपासणं, औषध देणं, लस टोचणं, आईला समजावणं ही बहुतेक कामं स्थानिक नर्सच करत. मॉर्ले यांनी वजनाचा एक तक्ता बनवला, आणि तो दवाखान्यातल्या कपाटात न ठेवता आईच्या हाती दिला. आपल्याकडचं माता-बाल संरक्षण कार्ड याच जातकुळीतलं. कार्डावरचा एक ठिपका फारसं काही सांगत नाही. बारीक बांध्याचं मूल निरोगी असू शकतं आणि गुटगुटीत मूल घसरणीला लागलेलं असू शकतं. पाहायचं असतं ते ठिपक्यांना जोडणाऱ्या रेषेकडे. ती वर चढते आहे, आडवी पडली आहे की खाली वळली आहे? आडवी पडलेली रेषा म्हणजे आजार दिसायच्या कितीतरी आधी आलेली सूचना असते. बाळाचं जन्मवजन साधारण पाच महिन्यांत दुप्पट आणि वर्षात तिप्पट होतं, आणि या वेगाला मधेच ब्रेक लागला तर तो रेषेतच प्रथम दिसतो.

वजन करण्यातल्या चुका बारीक असतात. झोळीचा काटा दाराच्या चौकटीला किंवा आढ्याला टांगला, की आधी रिकाम्या झोळीसह तो शून्यावर आणावा लागतो. हे राहून गेलं तर झोळीचं वजनही बाळाच्या खात्यात जमा होतं. मूल लाथा झाडत असताना काटा नाचतो, म्हणून तो स्थिरावेपर्यंत थांबायचं आणि काट्याच्या उंचीवर डोळे आणून वाचायचं. उभं राहून वरून वाचणाऱ्याला वेगळाच आकडा दिसतो. दंडाची पट्टी त्यामानाने सोपी. सहा महिने ते पाच वर्षं या वयात दंडाचा घेर फारसा वाढत नाही, म्हणून एकच मर्यादा सगळ्यांना चालते. डावा हात सैल सोडून खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर पट्टी गुंडाळायची. 11.5 सेंटीमीटरच्या आत म्हणजे लाल, तीव्र कुपोषण. 12.5 पर्यंत पिवळा, पुढे हिरवा.

जुलाबाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ओआरएसची, म्हणजे मीठ-साखरेच्या पाण्याची, कथा बहुतेकांना ठाऊक असते: 1971, बनगावची निर्वासित छावणी, डॉ. दिलीप महालनाबीस. नर्सच्या कामातला कळीचा भाग त्यानंतर सुरू होतो. एक लिटरचं पाकीट घरी अर्धं अर्धं वापरलं जातं, पेलाभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकली जाते. मग मिठाचं प्रमाण बिघडतं, आणि जास्त मीठ लहान बाळाला अपाय करतं. म्हणून अख्खं पाकीट, एक लिटर पिण्याचं पाणी, चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर ओतून द्यायचं. चमच्याचमच्याने पाजायचं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, अधिक सावकाश. सोबत जस्ताच्या गोळ्या 14 दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरीही. पाणी किती कमी झालंय ते पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर कळतं. ती परत बसायला दोन सेकंदांहून जास्त लागले तर मामला गंभीर.

औषधाच्या मापाबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण घराघरांत ही चूक होते. मुलांना औषध वयावर नव्हे, वजनावर द्यायचं असतं. पॅरासिटामॉल एका वेळी साधारण दर किलोला 15 मिलिग्रॅम. बाजारात हेच औषध थेंबांच्या बाटलीत मिळतं तेव्हा एका मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम असतं, आणि सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये 125 किंवा 250. म्हणजे थेंबांचं औषध 125च्या साध्या सिरपच्या चौपट तीव्र. सिरप संपलं म्हणून त्याच चमच्याने थेंबांच्या बाटलीतलं पाजलं, की चौपट मात्रा पोटात गेली. त्यात स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरी निराळा. चांगली नर्स चिठ्ठीवर मिलिलिटर लिहिते, बाटली आणायला सांगते, आणि मापाच्या टोपीवर पेनाने रेघ ओढून देते.

लसीकरणाचा दिवस हा या शुश्रूषेतला सर्वांत गजबजलेला दिवस. अंगणवाडीच्या ओसरीवर बाळं रडत असतात, आज्या दटावत असतात, आशाताई यादीत खुणा करत असते. पण खरी तयारी पहाटे झालेली असते. लसी +2 ते +8 अंश सेल्सियसमध्ये राहायला हव्यात. उन्हाची धास्ती सगळ्यांना असते. गारठ्याची धास्ती फक्त जाणकारांना. पेंटाव्हॅलंट, हेपॅटायटिस बी यांसारख्या लसींत अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. लस गोठली की त्यांचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावरही पूर्ववत होत नाहीत. लस दिसायला लस, पण कामाची नाही. म्हणून फ्रीझरमधून काढलेले बर्फाचे पॅक तसेच्या तसे पेटीत भरत नाहीत. ते बाहेर ठेवून त्यांना घाम फुटू द्यायचा. मग कानाशी धरून हलवायचे. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला, की पॅक तयार. कुपी गोठली होती का याची शंका आली, तर हलवून पाहायची एक परीक्षा आहे. त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, संशयित कुपीबरोबर हलवायची आणि शेजारी शेजारी ठेवायची. गोठलेल्या लसीचा गाळ भराभर तळाला बसतो.

उष्णतेचा पुरावा तर कुपीवरच छापलेला असतो. गोलाच्या आत एक फिकट चौकोन असतो, आणि उष्णता साचत जाईल तसा तो गडद होत जातो. चौकोन गोलापेक्षा फिकट आहे तोवर लस वापरायची. दोन्ही एकरंगी झाले किंवा चौकोन अधिक गडद झाला, तर टाकून द्यायची. पोलिओच्या तोंडी लसीवर 1996 पासून आलेली ही खूण मला या सगळ्या कारभारातली सर्वांत देखणी युक्ती वाटते. वीज गेली होती का, पेटी उन्हात राहिली का, गाडी रस्त्यात बंद पडली का, कुणाला विचारायलाच नको.

बीसीजी डाव्या दंडावर, कातडीच्या पापुद्र्यातच जायला हवी, खाली नाही. नीट गेली तर संत्र्याच्या सालीसारखी छोटी फुगी लगेच दिसते. पेंटाव्हॅलंट डाव्या मांडीच्या मधल्या भागात, बाहेरच्या बाजूला, कुल्ल्यात कधीच नाही, कारण तिथून मोठा मज्जातंतू जातो. गोवर-रुबेलाची कुपी पाण्याने विरघळवली, की तिच्यावर वेळ लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली टाकायची. त्यात जंतू वाढू शकतात आणि अशा कुपीने जीव गेलेले आहेत. टोचताना बाळ आईच्या कुशीत असावं, जमलं तर दूध पीत असावं. वेदना खरोखर कमी होते. नंतर अर्धा तास बाळाला तिथेच थांबवतात आणि आईला चार गोष्टी सांगतात: आज कोणती लस दिली, काय त्रास होऊ शकतो, पुढच्या वेळी कधी यायचं, आणि कार्ड जपून ठेवून सोबत आणायचं. दुसरी गोष्ट गाळली, तर रात्री ताप आल्यावर घर हादरतं आणि पुढच्या डोसला बाळ येत नाही.

एवढा सगळा अधिकार नर्सला द्यायला वैद्यकविश्व सहजी तयार नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये ऑक्टोबर 1902 मध्ये लीना रॉजर्स या नर्सला महिनाभराच्या प्रयोगासाठी चार शाळा दिल्या गेल्या. तोवर खरूज, डोळे येणं, उवा अशा कारणांनी मुलांना सरळ घरी धाडत. तिने शाळेतच मलमपट्टी केली आणि घरी जाऊन आयांना उपचार शिकवले. मुलं वर्गात परतली, आणि शहराने आणखी नर्स नेमल्या. कोलोरॅडो विद्यापीठात 1965 साली लोरेटा फोर्ड ही सार्वजनिक आरोग्यातली नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी नर्सना मुलांची प्राथमिक तपासणी स्वतंत्रपणे करायला शिकवणारा पहिला अभ्यासक्रम काढला. त्याला विरोध डॉक्टरांइतकाच नर्सिंगच्या प्राध्यापकांचाही झाला. आपल्याकडे सपाट भागात पाच हजार आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असतं. तिथल्या नर्सला, म्हणजे एएनएमला, तेवढा अधिकार प्रत्यक्षात फार आधीपासून गाजवावा लागतो, कागदावर मिळो न मिळो. तिच्या वेळेचा मोठा वाटा रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी खातात, ही गोष्ट वेगळी.

बोलण्याचीही एक पद्धत आहे. ‘समजलं का?’ असं विचारलं की आई ‘हो’ म्हणते. दुसरं काही म्हणण्याची सोय त्या प्रश्नात नाही. म्हणून ‘ताई, औषध कसं देणार ते मला करून दाखवा’ असं म्हणायचं. आधी ती जे बरोबर करते आहे त्याचं कौतुक, मग सल्ला, तोही दोन-तीन गोष्टींपुरता. मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापलेल्या विळ्याने डागण्याच्या घटना अजूनही वर्तमानपत्रांत येतात. अशा घरी गेल्यावर संताप येणं साहजिक आहे. पण नर्सने तिथे आरडाओरडा केला, तर पुढच्या खेपेला बाळ लपवलं जातं. आजीची चिंता खरी आहे हे मान्य करून तिलाच धोक्याच्या खुणा शिकवणं जास्त फळतं: पाणी किंवा दूध पिऊ न शकणं, पोटात काहीच न टिकणं, झटके येणं, मूल गुंगीत जाणं. यातली एक जरी दिसली, तरी आजारी मुलांच्या वर्गवारीच्या तक्त्यावर त्या मुलाचा रंग गुलाबी, म्हणजे ताबडतोब मोठ्या दवाखान्यात.

गुलाबी रंगाचं मूल नुसती चिठ्ठी देऊन पाठवायचं नसतं. प्रतिजैविकाचा पहिला डोस उपकेंद्रातच द्यायचा. तान्हं बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून वरून पांघरूण घालायचं. रस्त्यात रक्तातली साखर उतरू नये म्हणून दूध पाजत राहायचं. मोठं मूल गिळू शकत असेल, तर 200 मिलिलिटर पाण्यात चार सपाट चहाचे चमचे साखर घालून ते पाजायचं. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. 108ला फोन करायचा, आणि घरी राहिलेल्या मुलांना कोण बघणार हेही विचारायचं, कारण बरेचदा पाय तिथेच अडतो. चिठ्ठीवर वय, वजन, दिसलेल्या खुणा, दिलेलं औषध आणि दिल्याची वेळ लिहायची. वजन लिहिलेलं असलं, की पुढच्या डॉक्टरला औषधाची मात्रा काढायला पुन्हा काटा शोधावा लागत नाही.